मापाचं बोट

"मधलं बोट पुढे कर," मास्तर म्हणाले, आणि शिवणखोलीतली सगळी मशिनं आपोआप थांबली.

सोनाराच्या तळहातावर चांदीचं अंगुस्तान होतं. हातशिलाई करताना सुई टोचू नये म्हणून बोटात घालतात ती टोपी. काठाभोवती द्राक्षांची वेल, वेलीत चोच खुपसून बसलेले इवले पक्षी. मास्तरांच्या गुरूच्याही गुरूचं. या दुकानात कागदपत्रांना कुणी विचारत नसे. अंगुस्तान ज्याच्या बोटात, दुकान त्याचं.

थोरलीने बोट पुढे केलं. ती कुणाची थोरली वगैरे नव्हती. दुकानात सर्वांत जुनी, म्हणून थोरली. मास्तरांची नजर अधू झाल्यापासून कोटांच्या कॉलरी तीच बसवायची आणि गिऱ्हाइकं कौतुक मास्तरांचं करायची. तिची त्याला ना नव्हती. आज ना उद्या हा दिवस येईल, या आशेवर तिने बाहेरची चांगली चांगली कामं नाकारली होती.

मास्तरांची बोटं बारीक, त्यामुळे अंगुस्तान तिच्या पेरावरच अडकलं. सोनाराने ते लोखंडी दांडीवर चढवून हलक्या हाताने ठोकलं, घालून पाहिलं, पुन्हा ठोकलं. मग चपखल बसलं.

"मालकीणबाई, आता तो पंखा तेवढा बदला," काजं करणारी म्हणाली. सगळे हसले. थोरलीही हसली. डोळे भरून आले होते, ते तिने लपवले नाहीत.

"सुई रेटून बघ. घसरते का?" मास्तरांनी विचारलं.

"नाही, मास्तर."

"मग झालं. सूनबाईलाही बसेल. परवा तुझं पितळी घालून बघितलं होतं तिने, अगदी मापाचं. रविवारी देईन म्हणतो. तोवर कुणी बोलू नका तिच्याकडे." मग थोरलीच्या खांद्यावर हात ठेवून ते मायेने म्हणाले, "तिला अजून धड टाका घालता येत नाही. पण तू आहेस ना, मला कसली काळजी!"

काजं करणारीने मान खाली घातली. मशिनं पुन्हा सुरू झाली, जरा जास्तच घाईने. थोरलीचा केसाने गळा कापला गेला होता, आणि कापणाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता.

"काढ गं आता, डबीत ठेवू दे सोनारांना," मास्तर म्हणाले.

तिने अंगुस्तान काढून टेबलावर ठेवलं. सोनाराने हात पुढे केला.

"थांबा जरा," ती म्हणाली. "माझ्या बोटाने अजून गरम आहे ते. गार झालं की द्या सूनबाईंना."