आमरसातला झटका

"मिरची उभी चिर. बिया नको काढू," गोपाल दारातूनच म्हणाला.

"मले याद आहे," गीतांजली म्हणाली. तिनं वर पाहिलं नाही.

बॅग खाली ठेवावी की हातातच धरावी, गोपालला कळेना. बॅगेत त्याचे होते नव्हते तेवढे सगळे कपडे होते. अकोल्याहून निघताना गड्यानं दाढी केली, केस काळे केले, नवा सदरा घातला. उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग! चार वर्षांपूर्वी अमरावतीच्या याच घराचा उंबरा ओलांडून तो वर्षालीच्या मागं अकोल्याला गेला होता. तो संसार काही टिकला नाही. मग लाजेपायी कितीतरी दिवस तोंड दाखवलं नाही, अन् शेवटी गेल्या आठवड्यात बायकोला फोन केला. "मी घरी परत येऊ काय?" एवढंच विचारलं. मग गीतांजलीनंच दिवस सांगितला.

"दुपारी जेवाले या. तुमचं ते आंब्याचं करतो मी."

ते आंब्याचं! गोपाल इथल्या एका हॉटेलात बारच्या काउंटरवर होता, तेव्हा त्यानं ते कॉकटेल जमवलं होतं. आमरस, कैरीचा रस, हिरवी मिरची, पुदिना, काळं मीठ अन् पांढरी रम. नाव ठेवलं 'झटका'. सुट्टीच्या दिवशी घरी करायचा. पहिला घोट गीतांजलीचा. ती चाखायची, "अव माय वं!" म्हणत डोळे पुसायची अन् पुन्हा ग्लास पुढं करायची. असं सुख लाथाडून गेलो, या विचारानं अकोल्यात तो कितीदा रडला, त्याचं त्यालाच ठाऊक.

गीतांजली तांब्या घेऊन आली अन् वाकून त्याचे पाय धुऊ लागली.

"हे काय करून राहिली तू?"

"उन्हातून आले ना तुमी."

ती वाकली तेव्हा त्याला तिचा मोकळा गळा दिसला. मंगळसूत्र नव्हतं. रागानं काढून ठेवलं असेल, तो मनात म्हणाला, तिचा हक्कच आहे. कोपऱ्यात नवी कोरी घागर भरून ठेवलेली होती. मला गार पाणी मिळावं म्हणून आणली बिचारीनं, असं वाटून त्याला भरून आलं.

ओट्यावर रमची बाटली होती.

"कोणी आणली?"

"मीच गेलती दुकानात. माणसं पाहून राहिले होते. पाहू द्या म्हटलं."

गीतांजली अन् दारूच्या दुकानात! एकेकाळी बाटलीला हात लावायचा तर पदरानं धरायची.

तिनं मिरची अन् पुदिना खलबत्त्यात जरासा चेचला. झाकणाच्या स्टीलच्या डब्यात आमरस, कैरीचा रस, रम, बर्फ टाकून डबा दोन्ही हातांनी खळखळ हलवला, अगदी त्यानं शिकवलं होतं तसा. ग्लासाच्या काठाला लिंबू फिरवलं, काठ मीठ-तिखटात टेकवला. काही म्हणता काही विसरली नव्हती.

"चाखून पाह्य ना आधी," तो म्हणाला.

"तुमच्या आधी नाई."

"आधी तर पहिला घोट तुहाच राहे."

"आधीची गोष्ट वेगळी होती."

मधल्या खोलीत पाट मांडला होता. गोपालनं तो सवयीनं खिडकीकडं फिरवला. तिनं पुन्हा होता तसा केला.

"इकडं तोंड करून बसा. हवा लागते."

ताटात उडदाचे वडे, कढी, कुरडया, पोळी, वाटीभर आमरस. सगळं त्याच्या आवडीचं. शेजारी तो ग्लास. पहिल्या घोटाला आंब्याची गोडी, मग मिरचीनं जी आग लावली ती थेट कानापर्यंत. गोपालच्या डोळ्यांतून पाणी आलं, अन् मिरचीचं निमित्त करून त्यानं ते वाहू दिलं.

"तू नाई बसत?"

"तुमचं झाल्याबिगर कशी बसू?"

अकोल्यात त्याला कोणी वाढून दिलं नव्हतं. इथं ती पोळीवर पोळी वाढत होती, पंख्याखालीही हातानं वारा घालत होती. तिचे ओठ मात्र थरथरत होते. किती छळलं आपण या बाईला!

"मी चुकलो वं गीता. लय चुकलो."

"जेवताना बोलू नये. पोटभर जेवा."

जेवण झालं. तिनं त्याच्या खांद्यावर नवा दुपट्टा टाकला अन् पायावर डोकं ठेवलं. उठली तेव्हा चेहरा आसवांनी भिजला होता.

"काई इच्छा राहिली असंन तं सांगा," ती म्हणाली.

आता नाही तर कधीच नाही. गोपालनं जीव एकवटला.

"एकच. मले या घरात राहू दे. ओसरीत पडून राहीन. हाकलू नको."

रिकामा ग्लास उचलून तिनं उलटा ठेवला अन् त्याला हात धुवायला पाणी दिलं. नाही म्हटलं नाही, म्हणजे हो असेल? ओल्या हातानं तो मोरीपाशी उभा राहिला. एवढी आशा त्याला जन्मात कधी वाटली नव्हती.

तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारच्या पार्बताबाईंची हाक आली.

"गीतांजली, झाले काय वं अक्षय तृतीयेचे पितर जेवून? मागच्या साली गोपालच्या नावानं आमच्या बुढ्याले बसोलं होतं. अवंदा कोनाले बसोलं?"

गीतांजलीनं पदरानं डोळे पुसले.

"कोनाले बोलवाचं काम नाई पडलं, काकू. अवंदा त्यायचे तेच आले."