दोन चालींत मात

कवळीवाल्याने ते कार्ड चिमट्यानेच उचललं.

लोकांच्या तोंडातून काढलेल्या साच्यांवर त्याचा संसार चालायचा. सहसा कशाची किळस यायची नाही. पण निवृत्त मुख्याध्यापकांचं कार्ड आलं की हात आधी चिमट्याकडे जायचा. तेलकट बोटांचे ठसे, कोपऱ्यात नाक पुसल्यासारखा वाळका डाग, आणि चालीखाली शेरा : ‘आपण दातच कोरा. बुद्धिबळ आमच्यावर सोडा.’

मासिकातल्या जाहिरातीवरून दोघांचा टपाली डाव जमला होता. एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. म्हातारा केलेली चाल नाकबूल करायचा, मेलेला घोडा जिवंत करायचा आणि वर यालाच लबाड म्हणायचा. बायको म्हणाली, सोडून द्या की नाद. पण म्हाताऱ्याला हरवल्याशिवाय याला सोडायचं नव्हतं. आता तर डाव हातात आला होता. दोन चालींत मात.

अशात मुख्याध्यापकांची सून दुकानात येऊन उभी राहिली. सासऱ्यांनी अंथरूण धरलंय, डॉक्टरांनी हात टेकलेत, दिवसभर पटाकडे बघत पडून असतात, असं सांगताना तिला रडू आवरेना.

"एवढा डाव जिंकले तर सुखाने डोळे मिटतील हो."

त्याला तिच्या रडण्याचीही शिसारी आली. जिंकायचं ते असं, पदर पसरून? डाव म्हणजे डाव, असं त्याने तुटकपणे सांगितलं. ती हात जोडून निघून गेली.

रात्री मात्र त्याने पट पुन्हा समोर ओढला. मरणाऱ्या माणसाच्या छातीवर बसून मात द्यायची? आता त्याला स्वतःचाच वीट आला. दुसऱ्या दिवशी त्याने वजीर नेऊन प्याद्याच्या तोंडी दिला.

थोड्या दिवसांनी सुनेचा फोन आला. मामंजी जिंकले, हसले आणि पहाटे गेले. कवळीवाल्याने जुनी कार्डं काढली. त्या डागांवरून उघड्या बोटांनी हात फिरवला आणि आपल्या कोत्या मनाची त्याला लाज वाटली.

पुढे बऱ्याच दिवसांनी तो खोकल्याचं औषध आणायला कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे गेला. तोही टपाली डाव खेळणारा. काउंटरवर पट मांडून गडी सुन्न बसला होता. जिंकलेला डाव, आणि वजीर मुद्दाम मरायला ठेवलेला. हे काय, असं कवळीवाल्याने विचारलं.

"समोरचा शेवटच्या घटका मोजतोय," औषधवाला म्हणाला. "मुख्याध्यापक होते म्हणे कुठेतरी. काल त्यांची सून येऊन फार रडली."