राखणदाराला तेल
जुन्या टॉवरवरचा, वाऱ्यासरशी फिरणारा पितळी कोंबडा म्हणजे पुण्याची खूण आणि पेठेचा राखणदार. त्याने पूर्वेकडे चोच वळवली, की वळीव येणार म्हणून बायका गच्चीवरच्या कुरडया उचलत. डागडुजीनंतरच्या सोहळ्यात तो पाहुण्यांना पाठ दाखवेल, या धास्तीने समितीचे अध्यक्ष विद्याधरपंतांनी त्याचं तोंड पश्चिमेच्या व्यासपीठाकडे करून गुपचूप वेल्डिंग मारून घेतलं. सोहळा झोकात झाला. आज वळीव पूर्वेकडून आला, कोंबडा हललाच नाही आणि गल्लीभरच्या कुरडयांचा लगदा झाला. शेजारीण कोंबड्याला बोल लावू लागली, तशी पंतांची बायको म्हणाली, “अहो, त्याला नावं ठेवू नका. म्हातारा झालाय, चुकणारच कधीतरी.” तिने नवऱ्यासमोर तेलाची बुधली ठेवली. “अडकत असेल. तुम्ही अध्यक्ष ना? वर जाऊन दोन थेंब घाला.” पंतांनी मान वर न करता बुधली हातात घेतली.