मान्यता

बीएस्सी नर्सिंग करायचं अनुजाने ठरवलं, आणि लालबागच्या त्या चाळीत सगळ्यांनाच तिच्या शिक्षणाची काळजी लागली.

"भायखळ्याचंच कॉलेज घे गो बाय, घराजवळ आहे," शेजारचे कुशाबा आजोबा बाही वर सरकवत म्हणाले. अनुजाने बीपीचं मशीन घेतल्यापासून रोज सकाळी तिच्या दारात रांग लागायची. आजोबांच्या मागे आणखी चौघं बाह्या सरकवून उभी होती आणि चौघांचंही मत भायखळाच होतं. रांग संपेपर्यंत पुस्तक उघडायचं राहूनच जायचं.

दुसऱ्या दिवशी अनुजाने मान्यताप्राप्त कॉलेजांची यादी छापून आणली आणि आजोबांपुढे धरली.

"बघा, भायखळा दिसतंय कुठे? मान्यता नसेल तर चार वर्षं शिकून नर्स म्हणून नोंदणीच होत नाही. हे पुण्याचं आहे बघा यादीत. फक्त हॉस्टेल सक्तीचं आहे."

आजोबांनी चष्मा लावून कागद तीनदा वाचला आणि बाही खाली केली. "मग जा बाय पुण्याला. पण सुट्टीत येशील तेव्हा मशीन विसरू नको."

 आई, सुचित्रा, लाडू वळत बसली होती.

 

हॉस्टेलवर अनुजाने डबा उघडला, तर लाडवांखाली तिनेच घरी कपाटात दडवलेलं यादीचं पहिलं पान अंथरलेलं होतं, आणि त्यावरच्या भायखळ्याच्या कॉलेजावर आईने पेनाने ठसठशीत काट मारली होती.