सात आणि तेवीस

स्वयंपाकघरात डब्याचं झाकण खणकन ओट्यावर पडलं आणि घर पुन्हा गप्प झालं. मंजुषानं लॅपटॉपवरून मान वर केली. तिच्या लेकीनं, आरोहीनं, शाळेतून आणलेला डबा उघडून ठेवला होता. पोळी-भाजी आजही तशीच. भूक नव्हती, म्हणाली.

धाकटा झोपला होता. तो उठेपर्यंतची वेळ तेवढी मंजुषाच्या पीएच.डी.ची. आरोहीच्या तिसरीच्या वर्गातली अडतीस मुलं स्क्रीनवर अडतीस ठिपके होऊन बसली होती. नावं काढून नुसते नंबर. फी भरणारी पिवळी, सरकारी पंचवीस टक्के राखीव जागांतून फुकट प्रवेश मिळालेली जांभळी. मधल्या सुट्टीत कुणाबरोबर डबा खातोस, एवढाच प्रश्न. दोघांनी एकमेकांचं नाव लिहिलं की त्यांच्यात एक रेघ.

रेघा बहुतेक आपापल्या रंगातच होत्या. हा योगायोग तर नाही ना, हे बघायला कॉम्प्युटर रेघा तशाच ठेवून रंग पिसायचा, पत्ते पिसावेत तसे, हजारदा. इतक्या एकरंगी रेघा हजारांत एकदाही जमल्या नाहीत. पीएच.डी.चे मार्गदर्शक सर खूश होणार होते.

फक्त एक गोष्ट तिला खटकत होती. जूनमध्ये सात आणि तेवीस यांच्यात रेघ होती. या बुधवारी नव्हती. नोंदवताना आपलंच चुकलं असेल म्हणून तिनं कागद दोनदा काढून बघितले. सातच्या कागदावर तेवीसचं नाव होतं. तेवीसच्या कागदावर सातचं नव्हतं.

सात म्हणजे आरोही. तेवीस म्हणजे उज्वला. तिची आई पंचवटीच्या बाजारात पालेभाजी घेऊन बसते.

भांडलात का गं, असं मंजुषानं विचारलं. आरोहीनं नाही म्हणून मान हलवली. मग एकेक करत निघालं. सोमवारी डबा खाताना सगळ्याजणी आरोहीच्या रविवारच्या वाढदिवसाच्या केकबद्दल आणि जादूवाल्या काकांबद्दल बोलत होत्या. उज्वलानं विचारलं, वाढदिवस कधी होता? कुणीतरी सांगितलं. तिनं डबा झाकला आणि शेवटच्या बाकावर, तिच्या वस्तीतल्या मुलींजवळ जाऊन बसली. तिच्या डब्यात मेथी होती, आरोही म्हणाली, माझ्यासाठी जास्तीची आणलेली.

"तिला बोलवायचं नाही, असं तू ठरवलं होतंस?" आरोहीनं विचारलं.

"नाही गं बाळा. मी आमंत्रण ग्रुपवर टाकलं होतं, सगळ्यांना."

"तिची आई ग्रुपवर नाहीये."

मंजुषाला हे माहीत होतं. वर्गातल्या आयांचा तो ग्रुप. पंचवीस टक्केवाल्यांना बाई वहीत निरोप लिहून पाठवायच्या. तिथून कुणी कुणाला काढलं नव्हतं. घातलंच नव्हतं.

 मंजुषानं आरोहीला मांडीवर घेतलं आणि गंमत बघ म्हणून रंग सावकाश पिसायला लावले. ही तू, ही उज्वला, हा शेवटच्या बाकावरचा ओम. ठिपके जागच्या जागी रंग बदलत राहिले. आरोही जांभळी झाली, उज्वला पिवळी. परत उलट. ओम पिवळा झाला तशी आरोहीला थोडं हसू आलं.

एकदा दोघी पिवळ्या झाल्या.

आरोहीनं आईचा हात धरला. "थांबव. इथंच थांबव."

मंजुषानं थांबवलं. आरोहीनं त्या दोन ठिपक्यांवर दोन बोटं ठेवली. मग मागे न वळताच तिनं विचारलं,

"आई, हेच खरं धरलं तर?"