फटीबाहेर

रिपोर्ट हातात पडला आणि काकूंनी तो घडी घालून पर्सच्या तळाशी कोंबला. काल कॅन्सरच्या पेशी नऊ हजार होत्या, आज एकतीस हजार. नवं इंजेक्शन देऊन अजून एक दिवसही झाला नव्हता.

वॉर्डात झुरळकाका उशीला टेकून बसले होते. हे नाव गल्लीतल्या पोरांनी ठेवलेलं. तीस वर्षं काकांनी लोकांच्या स्वयंपाकघरांत झुरळांवर औषध मारलं होतं. आता त्यांच्याच रक्तात कॅन्सर शिरला होता आणि दोनदा औषधं देऊनही परतला होता.

"आला का गं रिपोर्ट?"

"कुठला यायला! मशीन बंद आहे म्हणे."

काकूंना खोटं बोलणं कधी जमलंच नाही. बोलताना हात उगाच काहीतरी करत राहतात. आत्ताही त्यांनी नीट असलेलं पांघरूण पुन्हा नीट केलं. काकांनी ते पाहिलं.

तेवढ्यात डॉक्टर आल्या, तेही हसत. "आकडा पाहिलात ना? छान वाढलाय!"

"म्हणजे मशीन चालू आहे," काका म्हणाले.

काकूंचा आवाज चढला. "छान? अहो बाई, माझा माणूस हातचा चाललाय आणि तुम्हाला छान वाटतंय?"

डॉक्टर स्टूल ओढून बसल्या. "काकू, या पेशी हाडांच्या आत, अस्थिमज्जेत दडून बसतात. तिथं आधार देणाऱ्या पेशी असतात. त्या आपल्याच, चांगल्या. नवं रक्त तयार होताना त्याला सांभाळायचं हे त्यांचं काम. पण त्या आपलं-परकं बघत नाहीत. कॅन्सरच्या पेशींनाही धरून ठेवतात, खाऊपिऊ घालतात, औषधाची झळ लागू देत नाहीत."

"म्हणजे मज्जेत मज्जाच चाललीय की त्यांची!" काका म्हणाले.

"चालली होती. कालच्या इंजेक्शननं ती पकड सुटली आणि त्या रक्तात आल्या. आता दहा वाजता मारायचं औषध सुरू करू. सगळ्यांनाच लागू पडतं असं नाही. पण पहिलं काम तर झालं."

काकूंना एकतीस हजारांपलीकडे काही ऐकूच येत नव्हतं. काका मात्र हसायला लागले, इतके की ठसका लागला.

"अगं, फटीत औषध मारलं की पहिल्या दिवशी काय व्हायचं? ओट्यावर झुरळंच झुरळं! लोक फोनवर माझा उद्धार करायचे, मारायला आला होतात की पाळायला म्हणून. ते फोन कोण घ्यायचं?"

काकू त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी पर्स उघडली आणि चुरगळलेला रिपोर्ट त्यांच्या हातात दिला.

"बापरे," काका आकडा वाचून म्हणाले, "बरीच होती की!"

काकूंचा फोन वाजला. मुलगी होती.

"आई, किती आला आकडा?"

"एकतीस हजार."

पलीकडून रडणं ऐकू आलं. काकूंचेही डोळे भरून आले होते. पण आवाज लागला तो जुना, भल्याभल्या गिऱ्हाइकांना गप्प करणारा.

"रडतेस काय, वेडे! वाढलेल्या नाहीत त्या, बाहेर आल्यात."