चार नंबरचा गोटा

सुनेला कामाचा उरक नाही, ही थोरल्या बाईंची तक्रार तिच्या लग्नाच्या तिसऱ्या दिवसापासूनची होती. पण या उन्हाळ्यात तिने कळसच केला. सकाळी पाहुण्यांच्या सहा खोल्या झाडायला म्हणून जायची, ती धुण्याच्या मोरीवरून परतायला बारा वाजवायची. तोवर शेंगा निवडायच्या थोरल्या बाईंनी, भोपळा चिरायचा त्यांनीच, चुलीपुढे घामाघूम व्हायचं तेही त्यांनीच.

"चादरी धुतेस की विणतेस गं?" त्यांनी एकदा विचारलं.

सून ओले हात पुसत नुसती हसली. तिच्या तोंडाला कायमचं कुलूप. थोरल्या बाईंना तेच खपत नसे. भांडायचं म्हटलं तर समोरून काहीतरी यायला हवं की नको?

खरं तर यंदा धुणं उरलंच नव्हतं. मालकीणबाई घरं बांधायचं शिकून आलेल्या. टेकडीच्या उतारावर त्यांनी मातीच्या भिंतींच्या सहा खोल्या उभ्या केल्या होत्या. छपरावर गवत, खिडकीत अख्खी दरी. भाडं ऐकून थोरल्या बाईंना पहिल्यांदा ठसकाच लागला होता. मातीत झोपायचे एवढे? पण पाहुणे येत होते आणि सुखाने झोपत होते. प्रत्येक खिडकीत नदीतला एक गुळगुळीत गोटा असे. चादर बदलायची नसेल, तर सकाळी तो गोटा गादीवर ठेवायचा. तेवढंच पाणी वाचतं. यंदाचे पाहुणे इतके गुणी, की सगळ्यांचे गोटे गादीवर.

अपवाद एकट्या चार नंबरवाल्याचा. निवृत्त मास्तर, दोन महिन्यांसाठी उतरलेला, बोलायला मऊ, दिवसभर पानांची चित्रं काढणारा. पण त्याचा गोटा एक दिवस गादीवर दिसेल तर शपथ. रोज चादर, रोज उशीची खोळ, रोज धुणं. महाराजांच्या घरी कोण धुतं ते एकदा विचारा, असं थोरल्या बाई येताजाता म्हणायच्या.

त्यांच्या जिवाला घोर मात्र दुसराच होता. मळ्यात पिकेल तेच ताटात, हा इथला नियम. आणि मळ्याला फक्त वापरलेलं पाणी, हाही नियमच. मोरीतून निघालेला पाट रिठ्याचं पाणी घेऊन वाफ्यांपर्यंत जाई. विहीर भरलेली असली तरी मळ्याला नळी लावायची सोय नव्हती. दारातल्या पाटीवर तसं लिहिलं होतं आणि पाहुणे त्या पाटीचे फोटो काढत. गेल्या उन्हाळ्यात वाफे करपले, तेव्हा मालकीणबाई गोड आवाजात म्हणाल्या होत्या, की पुढच्या वर्षीही मळा टिकला नाही तर भाजी बाहेरून आणू, शहरातला शिकलेला आचारी ठेवू, तुम्ही आपल्या आराम करा. आराम हा शब्द थोरल्या बाईंना शिवीसारखा लागला. पहिल्या दिवसापासून ती चूल त्यांची होती. तिच्यावर दुसऱ्याचं भांडं चढलेलं बघायला त्या जिवंत राहणार नव्हत्या.

म्हणून यंदा त्यांनी डोळ्यांत तेल घालून मळा राखला. राख टाकली, पाचोळा अंथरला, किडे हाताने वेचले. कडेच्या भोपळ्याने जरा मान टाकली होती, पण शेंगांचे वेल भाराने काठ्या सोडून खाली लोंबायला लागले. आज सकाळी मालकीणबाई वाफ्यांतून फिरल्या, एक शेंग तोडून तिथेच खाल्ली आणि म्हणाल्या, आचारी नको.

"हात लागतो हात," त्या गेल्यावर थोरल्या बाई सुनेला ऐकू जाईल असं म्हणाल्या. "मातीलाही हात ओळखता येतो."

सून बादली उचलायला वाकली. तिच्या एप्रनच्या खिशातलं काहीतरी बादलीवर ठणकन वाजलं. किल्ल्या, दुसरं काय असणार.

ती मोरीकडे गेली आणि इकडे चार नंबरवाला फिरून येताना दिसला. थोरल्या बाईंना आज राहवेना. त्याला वाटेतच गाठून त्यांनी नम्रपणे, म्हणजे त्यांच्या मानाने नम्रपणे, सांगितलं, की गोटा शोभेला ठेवलेला नसतो, आणि तुमच्या चादरींपायी माझ्या सुनेच्या हातांची सालटं निघाली आहेत. आपण सुनेची बाजू घेतली, हे बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

मास्तर गोंधळला. "मी रोज ठेवतो हो," तो म्हणाला. "आजही ठेवूनच निघालो होतो. रोज परत यावं तर चादर बदललेली, आणि संध्याकाळी गोटा पुन्हा खिडकीत. मला वाटलं, माझंच काही चुकतंय. लाजेने विचारलं नाही."

थोरल्या बाईंच्या पायाची आग मस्तकात गेली. खोल्या झाडायला जातं कोण? चुलीपाशी यायला नको, म्हणून बयेने मुद्दाम धुणं काढलं होतं. सासूने धगीत मरायचं आणि हिने गार पाण्यात हात घालून बसायचं.

त्या तरातरा मोरीवर गेल्या.

सून पाठमोरी बसली होती. पुढ्यात चार नंबरची चादर, शेजारी रिठ्याच्या भांड्यापाशी तो गोटा. चादर स्वच्छ होती, धुण्यासारखं तिच्यात काही नव्हतं. तरी सून ती बुडवत होती, पिळत होती, पुन्हा बुडवत होती. मध्येच ती उठली, पाटात अडकलेला पाचोळा हाताने काढला आणि पाणी शेंगांच्या वाफ्यात शिरेपर्यंत तिथेच उभी राहिली.

थोरल्या बाईही उभ्या राहिल्या. मग बाह्या वर सारून त्या पुढे झाल्या आणि चादरीचं एक टोक उचललं.

"उरक नाही तो नाहीच तुला," त्या म्हणाल्या. "उद्यापासून पाच नंबरचाही गोटा उचल. भोपळा मान टाकतोय."